खाडीचा देणेकरी

कर्जत-खालापूरकडच्या माणसाला होडी म्हटलं की आधी पूर आठवतो. 26 जुलै 2005 चा आठवतो. नाहीतर 2019 च्या जुलैतला, जेव्हा बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना होड्यांतून, रबरी तराफ्यांतून बाहेर काढावं लागलं. ते पाणी उल्हासचं, आमच्या कर्जतवरूनच खाली गेलेलं. एरवी होडीचा आणि आमचा संबंध काय? आमच्याकडे डोंगर, भातखाचरं, लोकलचं वेळापत्रक आणि कारखान्यांचे भोंगे. त्यामुळे मी लाकडी होड्या बांधतो आणि जुन्या दुरुस्त करतो, असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, "इथं? खालापुरात?"

नकाशा उघडला की अर्धं उत्तर मिळतं. उल्हास खंडाळ्याजवळच्या डोंगरांतून उतरते, कर्जत, नेरळ, बदलापूर करत कल्याणला खाडीत शिरते. पाताळगंगाही त्याच घाटमाथ्याची लेक. खोपोलीला टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी ती 1915 पासून पोटात घेते, म्हणून ऐन मे महिन्यातही वाहती असते आणि धरमतरच्या खाडीला जाऊन मिळते. 1657 मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची पहिली जहाजं बांधायला घेतली ती उल्हासच्या खाडीवरच. आमच्या दारावरून गेलेलं पाणीच त्या जहाजांखाली होतं.

पण उरलेलं अर्धं उत्तर नकाशात नाही. मी या कामात आलो आणि टिकलो तो काही माणसांमुळे, आणि त्यांचं देणं माझ्या खात्यावर तसंच उभं आहे.

माझी नोकरी खोपोलीजवळ रेझिनच्या एका कारखान्यात गेली. इपॉक्सी म्हणजे काय, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. बिस्फेनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन यांच्यापासून रेझिन तयार होतं. त्यात अमाइन जातीचं हार्डनर मोजून मिसळलं की दोन्हींचे रेणू एकमेकांत कायमचे गुंततात. पाणी उडून जाऊन सुकणारा हा डिंक नव्हे. त्यातून काहीच उडत नाही, म्हणून आकसतही फारसा नाही. आमचा माल जायचा फरशांना, विजेच्या उपकरणांना, पुलांच्या दुरुस्तीला. लाकडाशी त्याचं किती सख्य आहे, हे मला पहिल्यांदा कळलं ते गूजन बंधूंच्या पुस्तकातून. अमेरिकेत मिशिगनमधल्या बे सिटीत 1960 च्या दशकाच्या शेवटी या भावांनी लाकडाच्या सगळ्या बाजू इपॉक्सीनं बंद करून होड्या बांधायला सुरुवात केली. लाकूड कुजतं, फुगतं, आकसतं ते त्यातल्या पाण्याच्या येण्याजाण्यामुळे. तीच वाट बंद केली तर लाकूड वजनाला हलकं आणि ताकदीला पुरेपूर असं आधुनिक साहित्य होतं, हा त्यांचा सगळा विचार. 1979 मध्ये निघालेलं त्यांचं पुस्तक कारखान्यातल्या एका वरिष्ठांच्या कपाटात होतं. त्यांनी ते मला दिलं ते परत मागितलंच नाही. हे पहिलं ऋण.

दुसरं ऋण ज्यांचं आहे त्यांना ते ठाऊकही नाही. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी आपल्या यार्डात नौदलासाठी 'म्हादेई' बांधली. छप्पन्न फुटांची शिडाची नौका, आराखडा हॉलंडच्या व्हॅन डी स्टाटचा, आणि कवच कशाचं, तर रेड सीडरच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवून त्यावर आतून-बाहेरून काच आणि इपॉक्सीचं अस्तर. त्याआधी असलं काम या देशात त्या मापात कुणी केल्याचं मी ऐकलं नव्हतं. 2009 च्या फेब्रुवारीत ती नौदलात दाखल झाली, ऑगस्टमध्ये कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि 2010 च्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आले. असं करणारे ते पहिले भारतीय. मग त्याच नौकेतून अभिलाष टॉमी 2012 च्या नोव्हेंबरात निघाले आणि कुठेही न थांबता 2013 च्या वसंतात मुंबईला पोचले. या सगळ्याच्या मागे व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी होते. निवृत्तीनंतर ते राहायचे फलटणजवळच्या विंचुर्णीत. समुद्र तिथून किती लांब! साताऱ्याच्या त्या कोरड्या माळावर बसून त्या माणसानं शिडाच्या नौकेतून एकट्या भारतीयानं जगाला फेरी घालावी, हा ध्यास धरला आणि तडीस नेला. खालापुरात होडीची शेड घालताना मला कुणी वेड्यात काढलं, की मी विंचुर्णीचं नाव घेतो.

दोंदे-दांडेकर ही नावं आमच्या कानांना घरची. मला वाटतं, त्यानंच मोठा फरक पडला. आपल्याच भाषेतल्या एका माणसानं लाकूड आणि रेझिन घेऊन दक्षिण महासागराला पुरून उरेल अशी नौका केली, मग आपण वीस फुटी होडीला का हात घालू नये? नोकरीच्या शेवटच्या वर्षांत मी चौक आणि खोपोलीच्या मधल्या आमच्या जागेत पत्र्याची शेड घातली आणि प्लायवूडची होडी बांधली. आयएस 710 चा शिक्का असलेलं मरीन प्लाय मापात कापायचं, कडेकडेनं भोकं पाडून तांब्याच्या तारेनं टाचायचं, आकार आला की सांध्यांत इपॉक्सीचा जाड लगदा भरायचा, वर काचेची पट्टी, आणि मग तारा काढून टाकायच्या. घरच्या अंगणात करता येण्यासारखं हे काम आहे. ती होडी तरली, वल्हवायला हलकी झाली, शेतघरांच्या तळ्यांसाठी मागण्या आल्या. इथपर्यंत माझ्या रसायनशास्त्रानं मला आणलं.

पुढं नेलं मिस्त्रींनी.

पेण-खोपोली रस्त्यानं एक टेम्पो शेडपुढे येऊन थांबला. मागे एक जुनी, काळी पडलेली लाकडी होडी आणि होडीतच, वल्ह्याला पाठ टेकून बसलेले एक सत्तरीचे गृहस्थ. होडी धरमतर खाडीतली, एका शेतघराच्या मालकांनी हौसेनं विकत घेतलेली. तिला "फायबर करून" हवं होतं. गृहस्थ होते त्या होडीचे मूळ बांधणारे मिस्त्री. मालकांनी त्यांना बोलावलं नव्हतं. आपली होडी घाटाच्या पायथ्याशी कुठं निघाली आणि तिचं काय करणार, हे बघायला ते आपल्या पायांनी आले होते.

उतरल्या उतरल्या त्यांनी विचारलं, "काय लावनार तुमी तिला?"

मी डबे दाखवले. त्यांनी झाकण उघडून वास घेतला, बोटाला लावून चोळून बघितलं. मग मला होडीकडं नेलं आणि हातोडीच्या मागच्या टोकानं फळ्यांवर टकटक करत नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागपर्यंत गेले. "इथं ऐका. आता इथं ऐका." चांगल्या लाकडाचा आवाज खणखणीत, कुजायला लागलेल्याचा दबका, पण त्या दोन्हींच्या मधला, नुकताच दबायला लागलेला आवाज ओळखायला कान लागतो. मी कारखान्यात आयुष्यभर मोजमापाची यंत्रं वापरली होती. माझ्याकडं लाकडाची ओल मोजायचं मीटरही होतं. मिस्त्रींनी खडूनं जिथं खुणा केल्या, तिथं मी मीटर टोचत गेलो आणि आकडा दर खुणेवर वर चढत गेला.

मग त्यांनी मला जे सांगितलं त्यानं माझ्या कामाची दिशा ठरली. ही होडी सागाच्या फळ्यांची, फळीला फळी नुसती भिडवलेली, फटींत कापूस ठोकलेला. पाण्यात उतरली की फळ्या पाणी पिऊन फुगतात आणि एकमेकींना दाबून फट बंद करतात. शिवाय वर्षानुवर्षं माशाचं तेल प्यालेली. "लाकूड जित्तं हाय, भाऊ. त्याला तुमी वरून डबा घातलात, तर आत कुजंल."

रसायनशास्त्राच्या भाषेत ते शब्दशः खरं होतं. तेल मुरलेल्या लाकडावर इपॉक्सीची पकड बसत नाही. बसली तरी खालच्या फळ्या हलत राहतात आणि वरचं कडक कवच सांध्यांवर चिरतं. चिरेतून पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नसते, आणि लोखंडी खिळे आतल्या आत गंजून भोवतालचं लाकूड भुसा करून टाकतात. आपल्या किनाऱ्यावर कितीतरी जुन्या होड्या वरून फायबर चढवल्यावर चार-सहा पावसाळ्यांत गेल्या, त्याचं कारण हेच. फायबरला दोष देण्यात अर्थ नाही; जिथं ते लावायचं नाही तिथं लावलं गेलं. मालकांना आम्ही दोघांनी मिळून समजावलं आणि ते ऐकले, याबद्दल त्यांचेही आभार मानायला हवेत.

ठरलं असं: बाहेरच्या फळ्या कापूस-तेलाच्याच राहतील. गेलेल्या फळ्यांचे तुकडे बदलायचे, लोखंडी खिळ्यांच्या जागी सिलिकॉन ब्रॉन्झचे स्क्रू. पण आतल्या मोडलेल्या बरगड्या, पठाणाचा, म्हणजे होडीच्या तळाच्या कण्याचा, कुजलेला तुकडा आणि नवी नाळ मात्र इपॉक्सीनं.

पठाणाच्या सांध्यावर आमचं खरं शिक्षण झालं, त्यांचंही आणि माझंही. जुना आणि नवा तुकडा उतरत्या छेदानं एकमेकांवर बसवायचा. इपॉक्सीच्या सांध्याला उतार जाडीच्या निदान आठपट लागतो. इंचभर जाडीला आठ इंच. मिस्त्रींनी वाकसानं आणि मग रंध्यानं तो उतार काढला, फुटपट्टी न लावता. मी नंतर मोजला तर साडेआठाला आला. मग त्यांनी एका तोंडाला गेरू चोळला, दुसरं तोंड त्यावर घासलं, गेरू जिथं लागला तेवढाच भाग पटाशीनं उतरवला, पुन्हा गेरू, पुन्हा घासणं. दुपार गेली. शेवटी त्या दोन तोंडांमधून उजेड दिसेना.

आणि इथं मला त्यांना सांगावं लागलं की एवढं नको. इपॉक्सीला सांध्यात स्वतःचा पातळ थर हवा असतो. तोंडं काचेसारखी गुळगुळीत करून शिकंज्यानं कचकचून आवळली, तर रेझिन सगळं बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो. ऐंशी नंबरच्या पॉलिशपेपरनं तोंडं खरवडायची, सागाचं नैसर्गिक तेल निघावं म्हणून चिकटवण्याच्या अगदी आधी अ‍ॅसिटोननं पुसायचं, आधी नुसतं रेझिन पाजायचं, मग घट्ट केलेलं लावायचं, आणि हलक्या हातानं आवळायचं.

मिस्त्री बराच वेळ काही बोलले नाहीत. ज्या कौशल्यावर माणसाचं आयुष्य गेलं, त्याच कौशल्याला "जरा कमी करा" म्हणणं सोपं नव्हतं. मग ते म्हणाले, "तोडून बघू." आम्ही त्याच सागाचे लहान सांधे तयार केले, दोन दिवस मुरू दिले आणि त्यांनी स्वतः घणानं ते फोडले. एकही सांध्यात तुटला नाही. सगळे शेजारच्या लाकडात फाटले. त्यांनी फाटलेली तोंडं उजेडात धरून रेषा बघितल्या आणि मला पुढचा धडा दिला: यातले दोन तुकडे लवकर फाटले, कारण त्यांची रेष तिरकी होती. सांधा कितीही भक्कम असला तरी लाकडाची रेष कुठं पळते ते बघूनच तुकडा निवडायचा. कुठली बाजू गाभ्याकडची, कुठली सालीकडची, ऊन लागलं की फळी कुठल्या अंगानं वाकणार. सांधा आता लाकडापेक्षा मजबूत झाला होता, म्हणून लाकूड ओळखणाऱ्या माणसाची गरज उलट वाढली होती. ही गोष्ट कुठल्याही तांत्रिक माहितीपत्रकात मला वाचायला मिळाली नव्हती.

नाळेची गोष्ट वेगळी. पूर्वी नाळेला आणि बरगड्यांना मुळातच बाक असलेलं झाड शोधायचे. मिस्त्री तरुणपणी त्यासाठी आमच्या बाजूच्या रानांत येऊन गेले होते. कर्जतच्या एका कातकरी वाडीतले एक बाबा त्यांना झाडं दाखवायचे. कुठल्या ओढ्याच्या काठी कुठला ऐन कसा वाकलाय, हे त्या बाबांना पाठ. आम्ही नाळ केली ती सागाच्या पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या साच्यावर वाकवून, एकीवर एक चिकटवून. बाक हवा तसा आला, आणि त्याच्यासाठी एकही वाकडं झाड पडलं नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जी ताकीद आहे, रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, झाड जीर्ण असेल तरच मालकाला राजी करून, मोबदला देऊन घ्यावं, ती मला अशा वेळी आठवते. तीनशे वर्षांपूर्वी ज्यांनी झाडाची एवढी काळजी केली, त्यांना ही पट्ट्यांची नाळ नक्की पसंत पडली असती, असं मला मनापासून वाटतं. मिस्त्रींबरोबर मी त्या वाडीवर गेलो. बाबा थकले होते, पण मिस्त्रींना त्यांनी आवाजावरून ओळखलं. त्या बाबांनी दाखवलेल्या झाडांच्या होड्या खाडीत किती माणसांच्या पोटाला उपयोगी पडल्या असतील! त्यांचं नाव कुठल्याही होडीवर नाही.

पावसाळ्यात काम मंद होतं. उघड्या शेडमधलं लाकूड अठरा-वीस टक्क्यांपर्यंत ओल धरतं. इपॉक्सीला ती बाराच्या आसपास किंवा त्याखाली लागते. शिवाय दमट हवेत हार्डनरमुळे वर एक मेणचट थर येतो. तो साध्या पाण्यानं, खरखरीत घासणीनं धुतल्याशिवाय पुढचा हात चढवला, तर तो सोलून निघतो. अशा दिवसांत आम्ही गप्पा मारत बसायचो. मी त्यांना 'सुहेली'ची हकिकत सांगितली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ही नौका मुंबईत आपल्या सुतारांनी सागात बांधली, 1964 मध्ये ती पाण्यात उतरली आणि 1969 च्या एप्रिलमध्ये तिच्यातून न थांबता एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस इंग्लंडला पोचला. वाटेत तिची खालची फट गळायला लागली, तेव्हा त्यानं भर समुद्रात पाण्याखाली जाऊन ती बंद केली. पुढं ग्रिनिचच्या संग्रहालयात कोरड्या हवेत ठेवल्यावर तिच्या फळ्या आकसायला लागल्या, म्हणून त्यानं तिला 2002 मध्ये तिथून बाहेर काढलं. मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "मंग! बोललू ना मी? पान्यातली वस्तू पान्यातच बरी."

आणि मग मी पुढचं सांगितलं. अभिलाष टॉमींनी 2018 च्या गोल्डन ग्लोब शर्यतीसाठी 'सुहेली'चीच प्रतिकृती गोव्यात बांधून घेतली. आकार जुना, पण बांधणी लाकूड आणि इपॉक्सीची, नाव 'तुरिया', बांधणारे पुन्हा दांडेकर. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरात वादळानं ती उलटीपालटी केली, डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीला जबर इजा झाली. पण मदत पोचेपर्यंत तिचं कवच त्यांना घेऊन तरंगत राहिलं. मिस्त्रींनी विचारलं, "फळीला फळी भिडवलेली, का चिकटवलेली?" चिकटवलेली, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी येताना स्वतःचा वाकस माझ्या शेडमध्ये कायमचा आणून ठेवला. शेड त्यांना आपली वाटायला लागली ती त्या दिवसापासून, असं मी धरतो.

ती होडी पुढं नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात गेली. पहिल्या रात्री फटींतून थोडं पाणी आलं, दुसऱ्या दिवशी फळ्या फुगून मिटल्या, आणि नवा पठाण जागचा हलला नाही. त्यानंतर आम्ही बऱ्याच होड्या केल्या. मिस्त्रींनी प्रत्येक दिवसाची मजुरी चोख घेतली आणि ज्या दिवशी ते नुसते बघायला आले त्या दिवसाची घेतली नाही. पैशांचा हिशेब आमचा कधी तुंबला नाही. बाकीचा हिशेब मला मांडताच येत नाही. हातोडीचा आवाज, लाकडाची रेष, कुठल्या होडीला रेझिन लावायचं आणि कुठलीला नाही, ही समज मी कुठल्या भावानं विकत घेतली असती?

आता गुडघ्यांमुळे त्यांना प्रवास झेपत नाही. त्यांचा पुतण्या आठवड्याला येतो. त्याच्याबरोबर त्या कातकरी बाबांचा नातू आहे. गेरू लावून सांधा बसवायला तो पुतण्यापेक्षा लवकर शिकला, हे मिस्त्रींना फोनवर सांगितलं तर ते खूश झाले आणि पुतण्याला रागावलेही. दोघांनाही मी वजनकाट्यावर रेझिन-हार्डनर मोजायला शिकवतोय, अंदाजपंचे ओतायला नाही. मोठ्या डब्यात एकदम कालवलं तर ते तापून धुमसायला लागतं, हे त्यांना एकदा मुद्दाम, शेडबाहेर, दाखवलं.

सध्या शेडमध्ये मिस्त्रींच्या थोरल्या भावाची होडी पालथी आहे. तिच्या खालच्या फळ्या काढल्यात. पठाण मधोमध गेलाय, नाळ मात्र शाबूत आहे. मीटर आज सतरा दाखवतोय. दसरा उलटला की हवा कोरडी होईल, दिवाळीपर्यंत आकडा बाराखाली येईल, मग सांधा धरायचा. नवा तुकडा कुठला घ्यायचा याबद्दल पुतण्याचं आणि माझं एकमत होत नाही, म्हणून दोन्ही फळ्या राखून ठेवल्यात. त्या दिवशी पेणला गाडी पाठवून मिस्त्रींना आणायचं ठरलंय. ते रेष बघून सांगतील.